परबांचा वीस किलोंचा तांडा

बहरीनमध्ये आमच्या इमारतीतून कुणीही सुट्टीवर भारतात निघालं, की विमानतळाच्या आधी त्याची बॅग तळमजल्यावर परबांच्या दारात हजर व्हायची. परब चौकटीवरच्या खुंटीला एक मोठा स्प्रिंगचा काटा अडकवत. काट्याला बॅग टांगत. काटा डुलायचा थांबेपर्यंत स्वतःचा श्वास रोखून धरत. मग बॅगेच्या मालकाकडे वळून एकच प्रश्न विचारत.

"बैल काय म्हणतलो?"

बैल काय म्हणेल! बहरीनमध्ये मी उंट पाहिले, बकऱ्या पाहिल्या, गाढवंही पाहिली. बैल मात्र एकदाही पाहिला नाही. विमानाला तर तो जुंपलेला नसतोच. पण उत्तर द्यावं लागे. "बैल म्हणेल, जड आहे," असं मालकाने स्वतःच्या तोंडाने कबूल केल्याशिवाय परब बॅग खाली उतरवत नसत.

मागच्या महिन्यात फोनवर तुम्ही दोघांनी मला सांगितलंत, की बाबांनी तुम्हाला नेब्रास्कातली ती जुनी वाट दाखवायला नेलं होतं. पश्चिमेकडे निघालेल्या गाड्यांच्या चाकोऱ्या अजून तिथे जमिनीत दिसतात म्हणालात. आणि वर विचारलंत, "आजी, तू कधी ह्याच्याबद्दल ऐकलं होतंस का?"

ऐकलं होतं का! अरे, ती वाट मी सहा वर्षं चालले आहे. बहरीनच्या गुदैबिया वस्तीतल्या दुसऱ्या मजल्यावर बसून, दर शुक्रवारी सकाळी दहा वाजता. म्हणून आज क्रमाने सगळं लिहून काढते. अडेल तिथे बाबांकडून वाचून घ्या.

वामन परब देवगडकडचे. उंच, हडकुळे, खिशाला एक लाल आणि एक निळं पेन. सित्राला एका कंपनीच्या गोदामात ते स्टोअरकीपर होते. पहाटे कंपनीच्या बसने जायचे आणि दुपार कलल्यावर धुळीने माखून परत यायचे. तळमजल्यावरच्या खोलीत तिघे जण राहत. एक परब, दुसरे राणे, जे तीच बस चालवत, आणि तिसरा एक, जो दर वर्षी बदलायचा. बायकामुलं सगळ्यांची गावाला. अशा खोलीला तिकडे 'बॅचलर रूम' म्हणत, मग आत राहणाऱ्याला नातवंडं का असेनात. आम्हा बायकांची हद्द त्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत. तुमचे आजोबा बँकेत होते, त्यामुळे आम्हाला कुटुंबासकट राहायची परवानगी होती. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सित्राचं एक अमेरिकन इंजिनिअरचं कुटुंब मायदेशी परत निघालं, तेव्हा त्यांनी नको असलेलं सामान दाराबाहेर मांडून ठेवलं. कुणी पंखा नेला, कुणी इस्त्री. परबांनी एक पुस्तक उचललं. पाटाएवढं रुंद, चित्रांनी भरलेलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गाड्या जुंपून पश्चिमेकडे गेलेल्या माणसांची त्यात हकिकत होती.

"एवढी भांडीकुंडी सोडून पुस्तक का घेतलंत?" मी विचारलं.

"वहिनी, सगळ्यात जड तेच होतं. घरच्यांना टाकवत नव्हतं, म्हणून शेवटपर्यंत ठेवलेलं. म्हणजे आत काहीतरी असणार."

परबांचं इंग्रजी खोक्यांवरच्या लेबलांचं. नट, बोल्ट, गॅस्केट, 'हा भाग वर ठेवा'. ते पुस्तक त्यांना झेपेना. मग ते गोदामातल्या पिवळ्या कार्डावर अडलेले शब्द लिहून आणू लागले. मी पुण्याला इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, ती पदवी तिथे अशी कामाला आली. मी त्यांना 'योक' म्हणजे 'जू' असं सांगितलं. जू म्हणजे नेमकं काय, ते कुठे बसतं आणि चुकीचं बसलं तर बैलाच्या मानेला काय होतं, हे त्यांनी मला सांगितलं. आमचा शुक्रवार असा चालायचा.

हळूहळू ती सगळी वाट परबांना तोंडपाठ झाली. मिसुरी नदीपासून पार पश्चिमेच्या खोऱ्यांपर्यंत दोन हजार मैल. पाच-सहा महिने. गवत उगवल्याशिवाय निघायचं नाही, कारण बैल काय खातील? उशीर करायचा नाही, कारण पुढे डोंगरात बर्फ गाठेल. घोड्यापेक्षा बैल बरा. हळू चालतो पण मिळेल ते खातो. गाडीत सामान, माणसं पायी. आणि सामान कसं? निघताना प्रत्येकाने हौसेने कपाटं, लोखंडी चुली, आरसे भरलेले. पहिल्या नद्या ओलांडेपर्यंत बैल थकले. मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाटं आणि चुली टाकत टाकत लोक पुढे गेले.

"वहिनी, मैलच्या मैल," परब डोळे विस्फारून सांगत. "उघड्या माळावर आरसे उभे. त्यात बघायला माणूस नाही."

ह्या एका चित्राने परबांना पछाडलं. गोदामातून भंगारात निघालेला काटा त्यांनी परवानगी काढून घरी आणला आणि आमच्या इमारतीचा तांडा हाती घेतला. तेव्हा विमानात माणशी वीस किलो सामान चाले, आणि प्रत्येक जण तीस किलोंच्या आशेने खरेदी करी. साड्या, अत्तरं, दूध पावडरीचे डबे, टेपरेकॉर्डर, दहा मेहुण्यांना दहा लायटर. माझ्या पहिल्या सुट्टीच्या यादीत तेवीस वस्तू होत्या. मी ती यादी टाइप केली होती. परबांनी लाल पेन काढून त्यातल्या नऊ खोडल्या.

"हा मिक्सर कशाला?"

"माझ्या बहिणीसाठी."

"तिच्याकडे पाटा नाही?"

"पाटा आहे, पण..."

"मग पहिल्याच नदीला टाकाल. आत्ताच टाका. नदीत पडला तर गंजेल."

खोडलेल्या वस्तू वाया जात नसत. त्यांना चिठ्ठी लावून परब आपल्या खाटेखाली ठेवत, आणि पुढे ज्याची बॅग हलकी असेल त्याच्याबरोबर त्या बिनचूक घरी पोचवत. माझा मिक्सर पाच महिन्यांनी एका सुताराच्या बॅगेतून साताऱ्याला पोचला. तोही नुसता भांड्याचा भाग, मोटर त्यानंतर दोन महिन्यांनी गेली. बहिणीने मधल्या काळात त्या भांड्यात तुळस लावली होती.

तिसऱ्या मजल्यावरचे जोशी इंजिनिअर होते. त्यांनी परबांना जुमानलं नाही. बावन्न तुकड्यांचा डिनर सेट घेऊन ते विमानतळावर गेले आणि तिथल्या काउंटरपाशी खोकं उघडून अनोळखी माणसांना बशा वाटताना राण्यांनी त्यांना पाहिलं. परबांना ही बातमी कळली, तेव्हा ते हसले नाहीत. गंभीरपणे मान हलवून म्हणाले, "प्लॅट नदीच्या काठावर नेमकं हेच झालं."

आता लोण्याचं सांगते. त्या पुस्तकात असं होतं, की सकाळी गाडीला दुधाचं भांडं टांगलं की दिवसभराच्या हिसक्यांनी संध्याकाळी त्यात आपोआप लोणी तयार असायचं. हे वाचून परब दोन दिवस अस्वस्थ होते. ताजं दूध मिळणं तिकडे कठीण. त्यांनी पावडरीच्या दुधाचं दही लावलं, कडीच्या डब्यात भरलं आणि बसच्या मागच्या शिडीला दोरीने बांधलं. महिना जुलैचा.

"परबानू, ही कंपनीची बस आसा," राणे म्हणाले. "गोठो न्हय."

"तू फक्त चालव. गचके चुकवू नको."

बस दिवसभर उन्हात उभी राहिली आणि संध्याकाळी परत आली. कोपऱ्यावर परबांनी डब्याचं झाकण उघडलं. बसमधून उतरलेली चाळीस माणसं क्षणात पांगली. राणे नाकाला रुमाल लावून म्हणाले, "खलास! लोणी मफी, वास फुल!" मफी म्हणजे 'नाही', एवढं अरबी तिकडे सगळ्यांच्या तोंडी असे.

परबांनी डबा शांतपणे तपासला, खिशातलं पिवळं कार्ड काढून काहीतरी लिहिलं आणि ते जिना चढून आमच्याकडे आले. "वहिनी, चूक सापडली. इथला रस्ता फार गुळगुळीत आहे."

तुमच्या आजोबांना चहाचा ठसका लागला. "परबसाहेब, मग सरकारकडे तक्रार करा, की खड्डे पाडा म्हणून!"

परबांनी क्षणभर तो विचार केला, हे मी स्वतः त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.

इमारतीतल्या लोकांना परब म्हणजे करमणूक वाटे. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं. पण एका शुक्रवारी शब्द संपल्यावरही ते उठेनात. पुस्तक उघडून त्यांनी एक पानभर चित्र माझ्यापुढे सरकवलं. माळावरून चाललेली एक गाडी. बैलांच्या बाजूने चालणारा पुरुष. मागे बायको, तिचं बोट धरलेली मुलगी. आणि गाडीत पुढे, मांडीवर एक भांडं धरून बसलेली एक म्हातारी.

"बघा," परब म्हणाले. "अर्धं घर कुणी नेलं नाही. नेलं तर सगळं."

मी माझ्या सवयीप्रमाणे दुरुस्ती केली. "तसं नाही परब. पुष्कळ पुरुष एकटेही गेले होते. कॅलिफोर्नियात सोनं सापडलं तेव्हा तर हजारोंनी."

"ते सोन्यासाठी गेले, म्हणून एकटे गेले," परब म्हणाले. "जे राहायला गेले, ते घर घेऊन गेले." मग मलाच विचारलं, "आम्ही इथे येऊन किती वर्षं झाली वहिनी? आम्ही कोणातले?"

त्यांची बायको सुमन, चार वर्षांची मुलगी बेबी आणि आई, तिघी गावाला. दोन वर्षांतून एकदा दोन महिने घरी जायचं. बेबीच्या चार वर्षांतले जेमतेम चार महिने परबांनी तिला पाहिलं होतं. त्यांना आपलं घर बहरीनला आणायचं होतं. पण त्यासाठी कंपनीकडून 'फॅमिली स्टेटस' मिळायला हवं, आणि ते त्यांच्या ग्रेडच्या माणसाला मिळत नसे.

तेव्हा मला त्यांच्या भिंतीवरच्या नकाशाचा अर्थ कळला. खोक्यांचे पुठ्ठे जोडून केलेला तो नकाशा दारातूनही दिसायचा. त्यावर पूर्वेच्या टोकाला मिसुरी, पश्चिमेच्या टोकाला हिरव्या रंगाचं खोरं, आणि मधे वाटेवर एक लाल टाचणी. मिसुरी ओलांडणं म्हणजे अर्ज. प्लॅट नदीचा काठ म्हणजे गोदामाच्या साहेबाची सही. डोंगरातली खिंड म्हणजे पर्सोनेल ऑफिसची मंजुरी. हिरवं खोरं म्हणजे विमानतळावर सुमन आणि बेबी.

अर्ज मी टाइप करायची. पण वाटेल तेव्हा नाही. गोदामाचा साहेब रजेवरून ताजातवाना परत येईपर्यंत परब थांबत. "अजून गवत उगवलं नाही," असं म्हणत. मग एके दिवशी सांगत, "वहिनी, उगवलं. काढा मशीन." अर्ज जाई. टाचणी प्लॅटच्या काठाने सरके. आणि दर वर्षी खिंडीतून परत येई. चार वर्षं, चार नकार. नकार आला, की परब टाचणी उपसून पुन्हा मिसुरीवर टोचत आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या बसने कामाला जात. ते रागावलेले मी पाहिले नाहीत. फक्त त्या आठवड्यात बॅगा जास्त कडकपणे तपासल्या जात.

एकदा त्यांनी मला एक वेगळाच प्रश्न विचारला. "ही माणसं गेली, तिथे आधी कोणी राहत नव्हतं?"

मी सांगितलं, की राहत होते. त्यांची शिकारीची रानं, त्यांच्या नद्या होत्या. त्यांना हुसकावलं गेलं.

परबांनी पुस्तक मिटलं. "म्हणजे एनओसी घेतलं नाही कुणी," ते म्हणाले. "आपण निदान विचारून तरी आलो." त्या दिवशी त्यांनी नवीन शब्द घेतले नाहीत.

पाचव्या वर्षी कंपनीने नवीन गोदाम बांधलं. जुन्यातला माल हलवायला महिना दिला होता. परबांनी तो नऊ दिवसांत हलवला. शेवटी लागणारं आधी भरायचं, रोज लागणारं हाताशी ठेवायचं, आणि वर्षानुवर्षं कुणी मागितलं नाही ते निघण्याआधीच बाहेर काढायचं. ही रीत कुठली, हे साहेबाला कळलं नाही, मला कळलं. परब सुपरवायझर झाले. ग्रेड चढली. आणि त्या वर्षी टाचणी खिंडीतून पलीकडे गेली. मंजुरीचं पत्र त्यांनी मला तीनदा वाचायला लावलं. प्रत्येक वेळी 'वाइफ अँड चाइल्ड' ह्या शब्दांपाशी ते, "हां, सावकाश," म्हणत.

आमच्या गच्चीवर एक खोली आणि लहानसं स्वयंपाकघर होतं, ते त्यांनी भाड्याने घेतलं, चुन्याने रंगवलं. मग सुमनसाठी यादी केली. ती यादी पाहून मला तिची दया आली. पातळं किती, भांडी किती, बेबीची पुस्तकं किती, प्रत्येकापुढे वजन. तळाशी सूचना: "मसाला वेगळ्या पिशवीत. वरवंटा आणू नये. बैल..." इथे त्यांनी पुढचं खोडलं होतं. बायकोला बैलाचा हिशेब ठाऊक नव्हता.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. परब ते घेऊन वर आले, पण वाचून दाखवेनात. मीच हात पुढे केला. सुमनचं अक्षर सुबक होतं. पत्र चार ओळींचं.

"तुमची यादी मिळाली. सगळं वीस किलोत बसवते. आईंना कुठे बसवू, ते यादीत लिहिलेलं नाही. त्या म्हणतात, तू जा. त्यांना सोडून मी येणार नाही."

मी चष्मा काढला. "परब, अर्जात आईंचं नाव घातलं नव्हतं?"

"फॉर्ममध्ये दोनच रकाने होते. बायको आणि मूल." ते जमिनीकडे बघत होते. "पाच वर्षं मी ते चित्र सगळ्यांना दाखवतोय वहिनी. आणि फॉर्म भरताना रकाने बघून भरला."

तुमचे आजोबा पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "मुंबईला तुमची बहीण आहे ना? आईंना तिच्याकडे ठेवा वर्षभर. सगळे तेच करतात."

"करतात," परब म्हणाले. मग उठून पत्राची घडी खिशात घातली. "वहिनी, शनिवारी सित्राला याल? तुमचं इंग्रजी आणि माझं पुस्तक, दोन्ही न्यावं म्हणतो."

शनिवारी सकाळी मी राण्यांच्या बसने सित्राला गेले. चाळीस पुरुष आणि मी एकटी बाई. राण्यांनी माझ्यासाठी पहिलं बाकडं पुसून ठेवलं होतं. वाटेत कुणी मोठ्याने बोललंसुद्धा नाही. परब शेजारी पुस्तक मांडीवर धरून ताठ बसले होते.

पर्सोनेल ऑफिसात युसुफसाहेब होते. बहरीनचे जुने रहिवासी, आणि जुन्या मंडळींसारखं त्यांना कामापुरतं हिंदी येई. अरबीत 'प' नसल्यामुळे ते परबांना 'बराब' म्हणत.

"बराब! फिर आया? खलास ना, फॅमिली स्टेटस मिला तुमको."

"मिला साब. लेकिन फॅमिली पूरा नहीं है."

"क्या कम है?"

"मां."

युसुफसाहेबांनी मान हलवली. "फॅमिली मतलब वाइफ, बच्चा. मदर मफी. कायदा है."

मी तयार केलेलं इंग्रजी भाषण सुरू करणार, तेवढ्यात परबांनी पुस्तक उघडून टेबलावर ठेवलं. "साब, ये देखो."

युसुफसाहेब चित्राकडे पाहू लागले. गाडीतल्या म्हातारीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ये कौन?"

"मां होगा."

"किसका मां?"

"मालूम नहीं साब. किसी का तो होगा."

"कितना दिन चला ये लोग?"

"छे महिना."

"छे महिना! और ये बुढ्ढी बैठा रहा? रास्ते में मर गया तो?"

परब म्हणाले, "रास्ते में बहुत लोग मरा साब. लेकिन पीछे अकेला बैठके नहीं मरा."

आता, इतिहास इतका सरळ नव्हता. पुष्कळांच्या म्हाताऱ्या मागेच राहिल्या, दारात उभ्या राहून त्यांनी हात हलवला आणि पुन्हा कुणाचं तोंड पाहिलं नाही. हे मला ठाऊक होतं, आणि चूक दिसली की दुरुस्त करायची माझी सवय तुम्हालाही ठाऊक आहे. मी पर्स घट्ट धरून गप्प बसले.

युसुफसाहेबांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत ते चित्रच पाहत होते. "मेरा मां मुहर्रक में है, मेरे साथ," ते हळूच म्हणाले. "रोज सुबह दरवाजे में बैठता है. बोलता है, तू ऑफिस से आएगा तब उठेगा." मग त्यांनी कागद ओढला. "विजिट व्हिसा. तीन महिना. बाद में देखेगा, इंशाल्ला."

"इंशाल्ला मतलब हां के ना, साब?"

"मतलब यल्ला, बाहर जाओ! चाय पीके जाओ."

त्या तिघी आल्या त्या दिवशी आम्ही सगळे विमानतळावर होतो. परबांचा शर्ट इतका कडक इस्त्रीचा होता, की ते हातही नीट वाकवू शकत नव्हते. सुमन पुढे आली, मागून बेबी, आणि चाकाच्या खुर्चीत बसायला साफ नकार देऊन ती खुर्चीच काठीसारखी पुढे ढकलत आलेल्या परबांच्या आई. खुर्चीवाला कर्मचारी मागून धावत होता. बेबी वडिलांना पाहून थांबली आणि आजीच्या पदराआड गेली. परबांनी तिच्याकडे जायची घाई केली नाही. त्यांनी आधी सगळ्या बॅगा उचलल्या, खाली ठेवल्या, पुन्हा उचलल्या.

बाहेर आल्यावर आईंनी उन्हावर हात धरला. "आपला घर खयच्या बाजूक रे?"

परबांनी न थांबता हात वर केला, समुद्राच्या एका कोपऱ्याकडे, देवगडच्या दिशेला. विचार करायला त्यांना क्षणभरही लागला नाही. आई त्या दिशेला बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "लांब आसा." मग गाडीत जाऊन बसल्या.

पहिल्या शुक्रवारी परब मासे आणायला बाजारात गेले होते, आणि बेबी पहिल्यांदाच त्यांचं बोट धरून बरोबर गेली होती. तेव्हा आई जिना उतरून माझ्या दाराशी आल्या. त्यांना परब इतकी वर्षं राहिले ती खोली पाहायची होती. "पुरुष माणसांची खोली ती," मी म्हटलं. "माझ्या मुलाची ती," त्या म्हणाल्या. सहा वर्षांत प्रथमच मी तो उंबरा ओलांडला.

आत राणे चहा करत होते. ते गडबडून उठले, खाटेवरचे कपडे गोळा केले. आईंनी परबांची खाट विचारली आणि तिच्यावर बसल्या. लोखंडी खाट, पातळ गादी, भिंतीला टेकलेली उशी. त्यांनी गादीवरून तळहात फिरवला, जसा आपण आजारी माणसाच्या पाठीवरून फिरवतो.

"झोपेत बोलता काय रे अजून?" त्यांनी राण्यांना मुलाबद्दल विचारलं. "ल्हान आसताना बोलायचो."

राण्यांनी माझ्याकडे पाहिलं. सांगावं की नाही, असं त्यांच्या मनात असावं. "बोलता ना, आये. रोज."

"काय बोलता?"

"नावां घेता. आये, सुमन, बेबी. एकेकाक हाक मारता आणि विचारता, सगळी इली काय? कोण ऱ्हवला नाय मां मागे?" राण्यांनी स्टोव्ह बारीक केला. "मी पयले हसायचंय. मगे मीच उत्तर देवक लागलंय. 'इली रे, सगळी इली,' म्हणतंय. तेव्हा गप झोपता."

काट्यापाशी उभं राहून अख्ख्या इमारतीला दटावणाऱ्या त्या माणसाला रोज कुणीतरी 'सगळी आली' असं खोटं सांगून निजवत होतं, आणि ह्यातलं त्याला काहीच माहीत नव्हतं. आम्ही ते त्याला कधी सांगितलंही नाही.

आईंनी उशी पुढे ओढली, तिचा अभ्रा काढला, उजेडात धरून पाहिला आणि धुवायला न्यायचा म्हणून त्याची घडी घातली.

"आता तो बोलूचो नाय," त्या म्हणाल्या, आणि अभ्रा कमरेला खोचून वर स्वयंपाकाला निघाल्या.